खांबाशी उभा

भाऊ आठल्यांच्या गॅलरीखालचा खांब कलला चार बोटं, पण आळीत बोभाटा झाला हातभर. भाट्याच्या खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावरचं ते घर. येणाराजाणारा फाटकाशी थबकायचा, मान तिरकी करून बघायचा आणि न मागितलेला सल्ला टाकून पुढे जायचा. कुणी म्हणे वाळवी, कुणी म्हणे खालचा जांभा ठिसूळ झाला, कुणी म्हणे लाकूडच कच्चं घेतलं असणार. भाऊ ओटीवर बसून हे सगळं ऐकायचे आणि कपाळाला आठ्या घालायचे. उभी हयात कचेरीत लोकांना "उद्या या" म्हणून परत पाठवलेला माणूस तो. त्याला सल्ले द्यायची सवय होती, घ्यायची नव्हती.

त्यातून तो खांब त्यांचा लाडका. थोरला मुलगा वेद जन्मला त्या वर्षी भाऊंनी घरावर माडी चढवली, माडीला पुढे लाकडी गॅलरी काढली, आणि तिच्या कोपऱ्याखाली हा ऐनाचा खांब स्वतः उभं राहून बसवून घेतला. गॅलरीची बाकीची बाजू भिंतीत होती, पुढची सगळी मदार ह्या एकट्यावर. पंचवीसेक पावसाळे खाल्ले तरी त्याला कीड शिवली नव्हती. आणि दोन हजार दोनच्या गणपतीनंतर हा शहाणा फाटकाकडे झुकायला लागला.

नुसता झुकला असता तर भाऊ म्हणाले असते, बघू सावकाश. पण दिवाळीत खेडहून विहीणबाई आल्या. भाऊंची धाकटी, ऋजुता, पहिलटकरीण होती, आणि सातवा महिना लागला की तिला माहेरी आणायचं ठरलं होतं. विहीणबाईंनी पायरीवर थांबून आधी वर गॅलरीकडे बघितलं, मग खांबाकडे, आणि चहा पिताना गोड आवाजात म्हणाल्या, "नाही म्हणजे, आमच्याकडेही होईल हो बाळंतपण. दवाखाना हाकेवर आहे. ह्या असल्या खांबाखालून पोटुशी पोर आतबाहेर करायची म्हणजे जिवाला घोर."

भाऊंच्या तोंडचा चहा कडू झाला. पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही तर लोक काय म्हणतील, हा भाग वेगळा. खरी गोष्ट अशी की त्या घराला आवाज राहिला नव्हता. बारा वर्षांपूर्वी वेद गेला, मग ऋजुता लग्न होऊन गेली, आणि आता भांडं पडलं तरी शेजारी ऐकू जायचं. भाऊंना लेक घरी हवी होती. तिचं मूल ह्याच ओटीवर रडायला हवं होतं. आणि मध्ये आडवी येत होती ही चार बोटं.

"पंधरा दिवसांत सरळ झाला म्हणून समजा," भाऊ म्हणाले.

मालिनीबाई, त्यांच्या पत्नी, आतल्या दाराशी उभ्या होत्या. रिकाम्या कपबशा उचलून त्या आत गेल्या.

वेद गेला म्हणजे काय झालं, ते आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. चौदा वर्षांचा पोर, मित्रांबरोबर भाट्याच्या समुद्रात पोहायला गेला. सुरूच्या झाडांखाली त्याचे कपडे सापडले, चपला सापडल्या, तो सापडला नाही. देह नाही म्हणून मालिनीबाईंनी त्याचं काही करू दिलं नाही. पण शास्त्र असं, की बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, आणि मग दर्भाचा पुतळा करून त्यालाच अग्नी द्यायचा. ती बारा वर्षं आता भरली होती. गणपतीत भटजी जेवायला आले तेव्हा भाऊंनी विषय काढला होता, ओटीवरच, खांबापासून दोन हातांवर बसून. मार्गशीर्षातला दिवस धरला होता. लेक बाळंत होण्याआधी घर मोकळं झालेलं बरं, असा भाऊंचा विचार.

खांबासाठी त्यांनी रामा सुताराला बोलावलं. रामा पालीकडचा. हात चांगला आणि तोंड त्याहून चांगलं. त्याने दोरीला गोळा बांधलेला ओळंबा सोडला, एक डोळा मिटला, खांबावर बोटं वाजवून बघितली.

"लाकूड खणखणीत हाय भाऊ. खालचा दगडी तळखडा पन जाग्यावर हाय. उगाच कललाय."

"उगाच काही होत नसतं, रामा."

"मंग तुमीच सांगा कशापायी कललाय ता."

रामाने मिरजोळ्याला कारखान्यात असलेल्या मेव्हण्याकडून ट्रकचा जॅक आणला. काम तसं सोपं होतं. गॅलरीच्या तुळईखाली जाड टेकू लावायचा, जॅकने भार उचलायचा, खांब मोकळा झाला की ओळंब्यात आणायचा, पाचरी ठोकायच्या आणि भार पुन्हा त्याच्यावर सोडायचा. धोका एकच. भार सुटतो तेव्हा खांब झटक्यात सरकतो, आणि त्याला कुणी टेकून उभा असला तर चेंगरतो. म्हणून रामाच्या घराण्यात एक रीत होती. जॅकला हात घालण्याआधी तो खांबाकडे तोंड करून घसा खरवडून ओरडला, "कोन टेकलाय काय रं खांबाला? बाजूला व्हा!"

अंगणात रामा आणि भाऊ सोडून चिटपाखरू नव्हतं. भाऊंना हसू आलं. पण आत तांब्या पडला, घरंगळत गेला, आणि मालिनीबाई धावत ओटीवर आल्या.

"कुणाला हाक मारलीत?"

"कुनाला नाय वयनी. आमची रीत हाय ती."

काम होईपर्यंत त्या तिथेच उभ्या राहिल्या, पदराचं टोक मुठीत धरून. खांब सरळ झाला. रामाने ओळंबा धरून दाखवला, भाऊंनी मान डोलावली, आणि संध्याकाळी खेडला फोन गेला की व्यवस्था झाली आहे, मुलीला पाठवायची तयारी करा.

दुसऱ्या दिवशी दुपारी खांब पुन्हा कललेला होता. तेवढाच, त्याच बाजूला.

रामाने ते मनाला लावून घेतलं. ह्या खेपेला त्याने तळखडा उकरून काढला, खाली सिमेंट-खडीचा नवा थर घातला, पाचरींना डांबर फासलं. ते सगळं घट्ट होईपर्यंत गॅलरी टेकूवर राहिली. मग पुन्हा "कोन टेकलाय काय रं" झालं, पुन्हा खांब ओळंब्यात आला, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चार बोटं. जमिनीला भेग नाही, लाकडाला चीर नाही. रामा जोत्यावर बसून बराच वेळ तंबाखू मळत राहिला.

"भाऊ, एक नारळ द्या आनि एक कोंबडा."

"माझ्या घरात कोंबडा? रामा, शुद्धीवर आहेस ना?"

"मंग नुसता नारळ द्या. माज्या कामात खोट नाय. हा वायलाच, बाहेरचा परकार हाय."

"तुझ्या ओळंब्याला जमलं नाही म्हणून नारळाला कामाला लावतोस होय?" भाऊ कडाडले. "मुकाट्याने पुन्हा बसव."

रामाने तिसऱ्यांदा बसवला, पण तोंड फुगवून. जाताना खांबाच्या माथ्याशी खिळा मारून त्याने ओळंबा टांगून ठेवला. दोरी खांबाच्या अंगालगत सरळ खाली आली होती. "आता तुमीच बसा राखन करीत. जॅक मी मागावनं नेतंव," असं म्हणून तो गेला.

भाऊ खरंच बसले. सकाळी आंघोळ, पूजा उरकून अंगणात खुर्ची टाकली आणि खांबासमोर ठाण मांडलं. मनात त्यांनी पक्कं केलं होतं की ह्यात आळीतल्या कुणाचा तरी हात असणार. रात्रीबेरात्री नव्हे, भर दिवसा कुणीतरी येऊन खोडी काढत असणार. सापडला की त्याला उभा सोलायचा.

कचेरीत जायची त्यांची जी वेळ असायची, ती झाली. वारा पडलेला होता. माडांच्या झावळ्या निपचित होत्या. ओळंब्याचा गोळा जरासुद्धा हलत नव्हता. आणि भाऊंच्या देखत, दोरी आणि लाकूड ह्यांच्यामध्ये खालच्या बाजूला उजेडाची एक बारीक फट दिसायला लागली.

त्यांना वाटलं, डोळ्यांवर अंधारी आली. त्यांनी चष्मा पुसला. फट रुंदावली होती. खांब हळूच करकरला, जड माणूस पाटावर बसताना पाट करकरतो तसा. मग थांबला. मग किंचित मागे आला, आणि पुन्हा झुकला. उभं राहून पाय भरून आले की माणूस ह्या पायावरचा भार त्या पायावर घेतो. खांब तेच करत होता.

भाऊंच्या अंगावर सर्रकन काटा आला. घाबरले म्हणून नव्हे. त्यांनी ते ओळखलं म्हणून.

पोरांवर हात उगारायचा नाही, हा भाऊंचा बाणा होता आणि त्याचा त्यांना फार तोरा होता. दुसरे बाप फोकाने मारत, भाऊ नुसतं म्हणत, "खांबाशी उभा राहा." वेद घराच्या बाजूने डावा खांदा खांबाला लावून उभा राहायचा, मान फाटकाकडे वळवून. भाऊ "ये आत" म्हणेपर्यंत आत यायचं नाही, हा कायदा. पोर आगाऊ होतं, शिक्षा आठवड्यातून दोनदा तरी व्हायची. तासाभराने भाऊ म्हणत "ये आत", की तो झोपाळ्यावर उडी टाकायचा आणि मालिनीबाई त्याच्या हातावर गूळपोळी ठेवायच्या.

त्या शेवटच्या दिवशीही तो असाच उभा होता. आदल्या दिवशी समुद्रात उतरला होता म्हणून. भाऊ कचेरीत निघताना म्हणाले होते, "मी येईपर्यंत हलायचं नाही." दुपारी पोरांनी फाटकातून शीळ घातली आणि तो हलला. बारा वर्षं भाऊ ह्या एका वाक्याला धरून जगत होते. हलू नको सांगितलं होतं. ऐकलं असतं तर आज असता.

"दिसला?"

मालिनीबाई मागे येऊन उभ्या होत्या. भाऊंनी मान वळवली नाही.

"काय दिसायचंय? लाकूड आहे. ऊन लागलं की..."

"अहो, मी रोज बघत्ये," मालिनीबाई म्हणाल्या. "बारा वर्षं बघत्ये. तुमची निघायची वेळ झाली की येतो, तुम्ही परत यायची वेळ झाली की जातो. आधी नुसता उभा असायचा. तुम्ही भटजींशी बोललात ना, तेव्हापासून रेलतोय."

"बारा वर्षं?" भाऊ उठून उभे राहिले. "आणि मला बोलली नाहीस?"

"बोलल्ये असते तर काय केलं असतंत? एक तर मला वेडी ठरवलं असतंत. नाही तर 'ये आत' म्हणून मोकळे झाला असतात. मग तो आत आला असता, खाल्लं असतंन, आणि गेला असता." त्या खांबाकडे बघत होत्या. "निदान खांबाशी तरी होता हो माझा. सकाळी उठल्यावर वाट बघायला मला कुणीतरी होतं."

भाऊ पुन्हा खांबाकडे बघू लागले.

"मी सांगून बघितलं त्याला," त्या म्हणाल्या. "तो गेला त्या दिवशी दुपारी पान वाढून हाक मारली, तर म्हणाला, भाऊंनी सांगितलं नाही. अजून माझं ऐकत नाही. आणि तुम्ही आता पुतळा करणार, त्याला जाळणार. म्हणजे पोराला बाहेरच्या बाहेर पाठवायला निघालात. शिक्षा तरी सोडवा आधी त्याची!"

एवढं बोलून त्या मटकन जोत्यावर बसल्या आणि तोंडात पदर धरून रडू लागल्या. बारा वर्षांत त्या अशा रडल्या नव्हत्या. फाटकातून शेजारच्या यमुनाबाई भाजीची पिशवी घेऊन चालल्या होत्या. त्या थबकल्या. "काय झालं हो भाऊ? पुन्हा कलला का?" भाऊंनी त्यांच्याकडे असं बघितलं की यमुनाबाई पुढचा सल्ला गिळून चालू लागल्या.

भाऊ खांबाजवळ गेले. जिथे पोराचा खांदा लागायचा तिथे लाकूड गुळगुळीत होतं, हे त्यांनी आजवर पाहिलंच नव्हतं. मोठ्या साहेबांपुढे कधी अडखळले नाहीत ते भाऊ इथे अडखळले. दोन शब्द होते. सोपे होते. आठवड्यातून दोनदा म्हटलेले होते. पण ते म्हणायचे म्हणजे एवढी वर्षं पोर आपल्या शब्दाखातर उभं होतं, हे कबूल करायचं. ज्याला अवज्ञा म्हणून मनात शिव्या घातल्या, तोच परत येऊन आपली शिक्षा भोगत होता.

"वेद," ते म्हणाले. "ये आत."

काही झालं नाही. दोरी आणि खांब ह्यांच्यातली फट तशीच होती.

"झालं रे आता. पुरे झालं." भाऊंचा आवाज फुटला. "चुकलं माझं. एवढा वेळ कुणी उभं करतं का? पाय मोडून आले असतील तुझे. ये, बस."

खांब करकरला. फट अरुंद झाली, आणखी अरुंद झाली, आणि दोरी लाकडाच्या अंगाला अलगद लागली. मालिनीबाई रडायच्या थांबल्या. ओटीवरच्या झोपाळ्याच्या कड्या कुरकुरल्या. दोघांनी वळून बघितलं. कुणी बसलेलं नव्हतं, वारा नव्हता, आणि झोपाळ्याची उजवी बाजू, खिडकीकडची, वेदची हक्काची, चार बोटं खाली गेली होती.

मालिनीबाई उठल्या आणि लगबगीने आत गेल्या. थोड्या वेळाने गूळपोळीची ताटली घेऊन आल्या, ती झोपाळ्यावर त्या बाजूला ठेवली, आणि खाली फरशीवर बसून राहिल्या. भाऊ पायरीशी उभेच होते. स्वतःच्या ओटीवर पाऊल टाकायची त्यांना छाती होईना.

दोन दिवसांनी रामा जॅक न्यायला आला. खांब ओळंब्यात बघून त्याची छाती फुगली. "बगा! तिसऱ्या खेपेला बसवलाच का नाय?" असं म्हणत तो नाक्यापर्यंत सगळ्यांना सांगत गेला. भाऊंनी त्याला खोडून काढलं नाही. गावाला हे कारण पुष्कळ होतं. झोपाळ्याच्या कड्या मात्र भाऊंनी स्वतः स्टुलावर चढून मापल्या. दोन्ही बाजूंच्या सारख्या भरल्या. तरी झोपाळा वाकडाच लोंबत होता, आणि आता तो संध्याकाळीही सरळ होत नव्हता. खांबाशी उभं राहायला वेळेची मर्यादा होती. आत ये म्हटल्यावर परत कधी जायचं, ते भाऊंनी सांगितलं नव्हतं.

ठरल्याप्रमाणे ऋजुता आली. सासूबाई पोचवायला आल्या होत्या. त्यांनी खांबाला स्वतः हात लावून बघितला, समाधान पावल्या आणि संध्याकाळच्या गाडीने खेडला परतल्या. मालिनीबाईंनी लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. प्रवासाने दमलेली ऋजुता ओटीवर आली आणि झोपाळ्याकडे बघून थांबली.

"हा असा एका अंगाला काय झालाय भाऊ? खांब सरळ करून घेतलात, तेव्हा हाही करायचा होता."

"करू," भाऊ म्हणाले. "तू आत पलंगावर बस ना."

पण ती बसलीसुद्धा. उजवी बाजू मोकळी होती, ऐसपैस होती, तरी ती डाव्या टोकाला बसली, लहानपणी बसायची तशी. खिडकीची जागा वेदची, तिथे बसलं की तो वेण्या ओढायचा. आता ओढायला कुणी नव्हतं, पण अंगाला वळण पडलेलं होतं. ती बसली आणि झोपाळा सरळ झाला. पोटावर हात ठेवून तिने पायाने हलका झोका घेतला. "कित्ती बरं वाटलं," ती डोळे मिटून म्हणाली.

मालिनीबाईंनी भाऊंना माजघरात बोलावलं.

"परवा भटजी यायचेत. दर्भ आणून ठेवलेत त्यांनी." त्यांनी आवाज खाली आणला. "मी आता अडवणार नाही. तो आत आला, त्याने खाल्लं. आता तुम्ही त्याला जा म्हणालात तर जाईल. तुमचं ऐकतो तो."

भाऊ दाराच्या चौकटीतून ओटीकडे बघत होते. झोपाळा सावकाश पुढेमागे होत होता.

"भटजींना सांग, एवढ्यात नको. त्याला भाचरू बघू दे."

"आणि मग?"

"मग तुला वाटेल तेव्हा तू सांग. मला नाही जमायचं." भाऊंनी चष्मा काढला. "माझ्या एका शब्दावर ते पोर बारा वर्षं उन्हापावसात उभं राहिलं गो. मला आता त्याला काहीच सांगवत नाही."

ऋजुताने हाक मारली, "आई, भूक लागल्ये," आणि झोपाळ्यावरून उठून ती आत आली. ओटीवर झोपाळ्याची उजवी बाजू पुन्हा खाली गेली आणि तशीच राहिली. भाऊंनी ते बघितलं. चष्मा खिशात ठेवून ते ओटीवर गेले आणि डाव्या टोकाला बसले.